आधी पकड, मग शून्य

फोन नवऱ्याचा होता आणि विषय पडद्याच्या दांड्याचा होता. दांडा पुन्हा खाली आला होता. "तुझ्या डोक्यात पडला असता तर लोकांनी मलाच धरलं असतं," तो सांगत होता, "बरं झालं, माझ्याच डोक्यात पडला. माझ्या हाताला यश नाही हे आता त्या दांड्यालासुद्धा कळलंय." मी हसले. या वाक्यावर हसायची मला सवय आहे. ते संपायच्या आधीच माझं हसू तयार असतं. फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला होता आणि मोकळ्या हातांनी मी मशीनच्या वरच्या जबड्याची मूठ सैल करत होते. चाचणी संपली होती. ओढ-सैल, ओढ-सैल असे ठरलेले सगळे हेलकावे खाऊनही धातूची पट्टी तुटली नव्हती, तेव्हा ती काढून डबीत ठेवायची, डबीवर क्रमांक घालायचा आणि जेवायला जायचं, एवढंच उरलं होतं. जबडा उघडला, पट्टी सुटली, आणि समोरच्या स्क्रीनवर शून्यावर बसलेला आकडा उठून उणे एकशे चाळीसवर गेला. शेजारचा दुसरा आकडा अधिक एकशे चाळीसवर. मशीन बंद होतं. पट्टी वरून मोकळी, खालच्या जबड्यात नुसती उभी. तिला कोणी ओढत नव्हतं, दाबत नव्हतं. "ऐकतेयस ना?" नवरा म्हणाला. मी हो म्हटलं. "मग काय म्हणालो मी?" "दांडा." "शाबास, डॉक्टरीणबाई. येताना चार स्क्रू घेऊन ये. लांबवाले." मी फोन ठेवला आणि त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. त्यांना काही घाई नव्हती.

ते आकडे तिथे असायलाच नको होते. खरं म्हणजे आजवर ते दिसले नव्हते, कारण दिसायची संधीच त्यांना कोणी दिली नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत काम करायची एक रीत आहे. पट्टीवर पुढून आणि मागून नखाएवढं एकेक स्ट्रेन गेज चिकटवायचं. पट्टी दहा लाखांत एखादा भाग जरी ताणली गेली तरी ते सांगतं. मग पट्टी मशीनच्या दोन जबड्यांत घट्ट धरायची, त्यानंतर गेजच्या तारा जोडायच्या, आणि त्यानंतर शून्याचं बटण दाबायचं. काढताना उलट: आधी तारा सोडायच्या, मग जबडे; आज फोनच्या नादात मी तारा सोडायलाच विसरले होते. आधी पकड, मग तार, मग शून्य. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. आमचे मार्गदर्शक, म्हणजे सर, त्यांच्या तरुणपणी कधीतरी जबड्याच्या मुठीत अडकून तारा तुटल्या होत्या आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, तेव्हापासून ही रीत पडली आणि एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे येत राहिली. मला ती माझ्या नवऱ्याने शिकवली. तेव्हा तो नवरा नव्हता, सीनियर होता. तिच्यात खोट काढावी असं कोणाच्या मनातही आलं नसतं. जबडे आवळताना पट्टीला हिसके बसतात, ते बसून होऊ द्यावेत, सगळं शांत झालं की मोजायला सुरुवात करावी, हे तर शहाणपणाचंच. फक्त आवळताना पट्टी वाकत असेल तर ते वाकणं कोणाला दिसणार नाही, कारण तेव्हा तारा जोडलेल्याच नसतात. आणि जोडल्यावर आपण पहिलं काय करतो, तर जे काही असेल त्याला शून्य म्हणतो.

मी दार लोटून घेतलं. जेवायला गेले नाही. पट्टी मोकळी असतानाच शून्य केलं आणि मग जबडे आवळायला घेतले. उलट्या हाताने जेवावं तसं अवघडल्यासारखं वाटत होतं. मुठीच्या प्रत्येक वेढ्याला पुढचा आकडा वर चढत गेला आणि मागचा तेवढाच खाली. एकशे चाळीस. मशीनने अजून पट्टीला बोटही लावलं नव्हतं. वरचा जबडा केसभर कललेला असणार, डोळ्याला न दिसण्याइतका, आणि तो आम्ही कोणी इथे यायच्या आधीपासून. दरवर्षी एक माणूस येऊन मशीन किती ओढतं ते तपासून शिक्का मारून जायचा; जबडा सरळ आहे का, हे बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाचा. पहिला विचार स्वतःचाच येतो, त्यात लाजायचं काय. माझ्या पट्ट्या पातळ आणि धातू मऊ, वाकवलं तर वाकून घेणारा. जास्त ओढीच्या चाचण्यांत हे वाकणं जिरून जातं, तिथे माझं काही बिघडत नव्हतं. पण शेवटचं प्रकरण हलक्या ओढीच्या, लांबलचक चालणाऱ्या चाचण्यांवर उभं होतं आणि त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागणार होत्या. प्रकरण सरांना सोमवारी द्यायचं ठरलेलं. दुसरा विचार असा आला की हे कळणार कोणाला? दोन्ही बाजूंच्या गेजची सरासरी काढायची, हीसुद्धा आमची रीतच. उणे एकशे चाळीस आणि अधिक एकशे चाळीस यांची सरासरी काढली की उरतं काय? मी गप्प बसले तर प्रबंध जाईल, तोंडी परीक्षा होईल, पेढे नाही तरी टाळ्या मिळतील. आणि मग, बऱ्याच उशिरा, जबडा पुढच्याच बाजूला ताण देतो ही गोष्ट मनात नीट उतरली आणि तिच्याबरोबर नवरा आठवला. म्हणजे सीनियर असतानाचा, पॉलिशच्या टेबलाशी बसलेला.

त्या टेबलाशीच मी त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं. तो पट्टी घासत होता आणि कोणी आपल्याकडे बघतंय याचं त्याला भान नव्हतं. गेज चिकटवायच्या आधी ती बाजू पॉलिश पेपरने घासून लखलखीत करावी लागते. ओरखडा राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. "एकाच दिशेने घासायचं," त्याने मला शिकवलं, "आधीच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पट्टी काटकोनात फिरव, पेपर बदल, मग परत. घाई करायची नाही. घाई असेल तर आज घासायचंच नाही." मग ॲसिटोनने पुसायचं, त्याचा तो थंड, नाकात चढणारा वास, मग गोंदाचा थेंब, त्यावर गेज, आणि वर अंगठा दाबून उभं राहायचं. अंगठा हलला की गेज वाया. तो अंगठा दाबून उभा राहायचा आणि मला म्हणायचा, "बोलत राहा, नाहीतर मला शिंक येते." मी बोलत राहायचे. काय बोलत असेन ते देव जाणे. गोंदाने आम्हा दोघांच्या अंगठ्यांच्या रेषा बुजून गेल्या होत्या. दारातलं हजेरीचं यंत्र आमचा अंगठा घ्यायचं नाही, आणि मग तो पहारेकऱ्याला म्हणायचा, "मामा, आम्हाला ओळखच राहिलेली नाही, तुम्हीच काय ते सांगा." मामा पुटपुटत हाताने नोंद करायचे. आमचं लग्न ठरलं ते या अंगठ्यांमुळे, असं मला अधूनमधून वाटतं. एकमेकांशेजारी इतका वेळ न हलता उभी राहिलेली दुसरी दोन माणसं माझ्या पाहण्यात नाहीत.

त्याच्या पट्ट्या टिकायच्या नाहीत. गणित त्याचं स्वतःचं होतं आणि देखणं होतं. कडक धातूच्या जाड पट्टीत तडा कधी जागा होतो, हे त्याने कागदावर इतकं नेटकं मांडलं होतं की सर ते चार लोकांत मिरवायचे. गणित सांगायचं पट्टी इतकी चालेल, आणि पट्टी त्याच्या दहाव्या हिश्श्यातच तुटायची. दर वेळी. आणि दर वेळी तडा पुढच्या बाजूने जायचा. पुढची बाजू म्हणजे मशीनसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे तोंड केलेली, हात पोचायला सोपी. त्या काळी एकच गेज लावत आणि ते त्या बाजूला. म्हणून घासलेली बाजू तीच, मागची कारखान्यातून आली तशी. सरांनी तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ओळीने मांडले आणि म्हणाले, "बघ, जिथे जिथे तुझा हात लागलाय तिथूनच गेलंय." त्याने पेपर बदलला. त्याहून बारीक पेपर आणला. शेवटी मखमलीच्या तुकड्याने घासायला लागला. बोटांची टोकं करडी पडली होती, ती धुऊनही जायची नाहीत. पट्ट्या तुटतच राहिल्या. एका दुपारी, मी शेजारच्या टेबलाशीच होते, सर चहाचा कप हातात घेऊन आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. गणित तुला येतं. पण प्रयोगाला हातगुण लागतो रे. काहींच्या हाताला यश असतं, काहींच्या नसतं." तो म्हणाला, "हो सर." सर चिडून बोलले असते तर त्याने वाद घातला असता, मला खात्री आहे. मायेपुढे त्याने हात टेकले. थोड्याच दिवसांत त्याने पीएच.डी.मधून नाव काढून घेतलं आणि उरलेले पॉलिश पेपर माझ्या खणात आणून ठेवले, नीट, जाड ते बारीक असे क्रमाने लावून.

आता तो इमारतींच्या लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दारं बघायची आणि चालवायला परवानगी द्यायची. काम तो चोख करतो, आणि त्याच्या ऑफिसातलं हजेरीचं यंत्र त्याचा अंगठा एका फटक्यात ओळखतं, हे त्याने पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं. सासूबाई फोनवर म्हणतात, "त्याचं अर्धवट राहिलं, तुझं तरी पुरं कर गं बाई," आणि हा टोमणा की आशीर्वाद हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्या संशोधनाचा विषय आम्ही घरात काढत नाही. काढायचा नाही असं ठरवलं वगैरे नव्हतं. पहिल्या दिवशी निघाला नाही, मग कधीच निघाला नाही. त्याच्या जागी ते एक वाक्य आलं. कपातला चहा सांडला, कुलूप अडलं, दांडा पडला, की "माझ्या हाताला यश नाही", आणि मी हसायचं. आमच्यात भांडणं होत नाहीत. नणंद म्हणते, "तुमचं बरं आहे बाई, तुमच्या घरात कधी आवाजच नाही." मला उपमा द्यायची हौस नाही. पट्टी जबड्यात धरलेली होती, आकडा एकशे चाळीसवर होता आणि मला नणंदेचं वाक्य आठवलं, एवढंच सांगते. आणि हेही सांगते की माझ्या पट्ट्या टिकल्या. प्रयोगशाळा बघायला पाहुणे आले की सर माझ्याकडे बोट करून म्हणतात, "हिच्या हाताला यश आहे." मी ते एकदा घरी सांगितलं होतं. "असणारच," नवरा म्हणाला, "शिष्या कोणाची," आणि भांडी घासायला उठला. मला ते ऐकायला आवडायचं. यश हाताला नव्हतं, धातूच्या मऊपणाला होतं, हे कळून मला जितकं वाईट वाटायला हवं होतं त्यापेक्षा जास्तच वाटलं.

दुपारभर मी एकच गोष्ट केली. त्याचं सूत्र काढलं, त्याच्या पट्टीची जाडी घातली, जबड्याच्या कलण्यामुळे येणारा ताण त्यात मिळवला आणि पट्टी किती चालेल ते काढलं. जबडा जितका वाकवायचा तितकाच वाकवतो. पण पट्टी जाड असली की तिच्या पृष्ठावर जास्त ताण येतो, आणि धातू कडक असला की तो ताण त्याला सोसत नाही. उत्तर दहाव्या हिश्श्याच्या जवळपास आलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्याचं गणित बरोबर होतं, त्याचा हात बरोबर होता, आणि सरांनी मांडलेल्या त्या ओळीत तडा जिथून गेला होता तिथे त्याने आपल्या बोटांनी काहीही पाप केलेलं नव्हतं. बाहेर पडले तर व्हरांड्यात सर भेटले. "सोमवार ना?" त्यांनी विचारलं. "सोमवार," मी म्हटलं. "चेहरा का उतरलाय? जेवलीस ना?" मी जेवले म्हटलं. सर भले गृहस्थ आहेत, कोण जेवलं नाही हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. त्यांच्या मागोमाग खोलीत जाऊन सगळं सांगून टाकावं असं वाटलं आणि पाय उचलला नाही. आधी घरी सांगायचं की आधी इथे, याच्या आधीच मुळात सांगायचं का, हा प्रश्न होता. नवऱ्याला बरं वाटेल, हे इतकं उघड होतं की मला त्याचाच संशय यायला लागला. घरी जाताना स्क्रूच्या दुकानात थांबले. दुकानदाराने विचारलं, "केवढे लांब?" मी बोटांनी काहीतरी दाखवलं. रस्त्यावरची माणसं नेहमीसारखीच आपापल्या दिशेने चालली होती आणि मला त्यांचा हेवा वाटला.

तो स्टुलावर चढून भिंतीवर पेन्सिलीने खूण करत होता. दांडा भिंतीला टेकवून उभा केलेला. "स्क्रू?" त्याने खाली न बघता हात पुढे केला. मी दिले. "हे लांबवाले नाहीत." "अरे, आपल्या मशीनचा वरचा जबडा कललेला आहे," मी म्हटलं. 'आपल्या' हा शब्द तोंडातून गेला आणि मग माझ्या लक्षात आलं.

"कोणत्या बाजूला?" तो खूण करता करता म्हणाला.

"पुढची बाजू ओढली जाते. पट्टी धरतानाच. आपण शून्य नंतर करतो, म्हणून दिसत नाही."

पेन्सिल थांबली. मला खालून त्याच्या टाचाच दिसत होत्या. "किती?"

"माझ्या पट्टीला एकशे चाळीस."

"तुझी पातळ. माझी चौपट जाड होती." तोंडातल्या तोंडात तो हिशेब करत होता, हे मला टाचांवरून कळलं. हिशेब करताना तो टाचा उचलतो, मी ते विसरले होते. "पाचशे साठ," तो म्हणाला. "कडक धातूला. म्हणजे दहावा हिस्सा येईल."

"येतो. मी दुपारी करून पाहिलं."

"कोणाच्या सूत्राने?"

"तुझ्याच."

तो खाली उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. मी वाट बघत होते. कशाची, ते माझं मलाही माहीत नव्हतं. तो उड्या मारणार नाही हे ठाऊक होतं, पण निदान माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. "हे मला कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी बरा होतो. हाताला यश नाही म्हटलं की विषय मिटायचा. नसतं एखाद्याच्या हाताला, त्याला कोण काय करणार? आता मी काय म्हणू? जबडा वाकडा होता म्हणून मी लिफ्ट बघत हिंडतो?" मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते ठरेना. सरांवर काढावा तर ते मायेने वागले होते. जबड्यावर काढून उपयोग नव्हता. "मला हे एकटीला पोटात ठेवायचं नव्हतं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्याच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त खरं होतं. दांडा भिंतीला टेकलेलाच राहिला. जेवताना तो ताटाकडे बघत बसला होता. डाव्या हाताचा अंगठा त्याने टेबलाच्या कडेवर दाबून धरला होता, पांढरा पडेपर्यंत, आणि हलवत नव्हता. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता त्याने विचारलं, "माझी एखादी पट्टी राहिलीय का तिकडे?" कपाटात एक होती, न वापरलेली, मी ती कधी टाकली नव्हती. "बघून येतो," तो म्हणाला, जणू कुठलीशी लिफ्टच बघायची होती. दारातल्या यंत्राने त्याचा अंगठा अर्थातच घेतला नाही. पहारेकरी मामांचे केस पिकले होते. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, नोंदीसाठी पेन काढलं आणि म्हणाले, "अजून ओळख नाही का आली?" तो हसला. कालपासून पहिल्यांदाच. वर आल्यावर त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, माझ्या खणातून पेपर काढले आणि पट्टी घासायला बसला. एका दिशेने, मग काटकोनात फिरवून, मग पेपर बदलून. मी काही सुचवायला गेले नाही. ॲसिटोनचा वास सुटला. गोंदाचा थेंब टाकून त्याने गेज ठेवलं, वर अंगठा दाबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोलत राहा." मग मी बोलले. स्क्रूच्या दुकानदाराबद्दल बोलले, नणंदेबद्दल, सासूबाईंच्या त्या वाक्याबद्दल, मला पाहुण्यांसमोर कशी मिरवायची हौस आहे त्याबद्दल बोलले. तो न हलता ऐकत राहिला. त्याला शिंक आली नाही.

मग त्याने पट्टी मोकळी असतानाच तारा जोडल्या, हाताने बाजूला धरून ठेवल्या, शून्य केलं आणि वरचा जबडा आवळायला घेतला. आकडा चढायला लागला. शंभर, दोनशे, साडेतीनशे. खोलीत मुठीच्या फिरण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. पाचशे बेचाळीसवर आकडा थांबला. मशीन अजून चालूही केलेलं नव्हतं. त्याने जबडा सैल केला. आकडा शून्यावर आला. पुन्हा आवळला; पाचशे बेचाळीस. पुन्हा सैल, पुन्हा आवळ, पाचशे बेचाळीस. दिव्याचं बटण नव्याने सापडलेल्या मुलासारखा तो ते करत राहिला. "सरांना बोलावते," मी म्हटलं.

तो थांबला. "आणि तुझं प्रकरण?"

"पुन्हा करायचं."

"सगळं?"

"शेवटचं सगळं."

"मग नको बोलावूस. मला बघायचं होतं, मी बघितलं. झालं."

"नाही बोलावलं तर तू ते वाक्य जन्मभर म्हणशील," मी म्हटलं, "आणि मला हसावं लागेल." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पडले, आणि व्हरांडाभर मागून मूठ फिरल्याचा आवाज येत होता.

सर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ वाकले आणि म्हणाले, "परत कर." त्याने परत केलं. "आणखी एकदा." त्याने आणखी एकदा केलं. सरांना समजवायला लागलं नाही. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्या जबड्याकडे बघत राहिले. "ही रीत माझी," ते म्हणाले. "तारा तुटायच्या म्हणून." मग माझ्याकडे वळले. "तुझं शेवटचं प्रकरण—" "पुन्हा करते," मी म्हटलं. "वर्ष जाईल." "जाईल." त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर पुन्हा आकड्यावर गेली आणि चेहऱ्यावर हळूहळू एक कौतुक उमटलं, प्रयोग करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटतं तसं. "दर वेळी तोच आकडा," ते म्हणाले. "एका अंकाचा फरक नाही. हाताने धरून इतकं सारखं येत नाही कोणाचं." आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण तुझा हात पहिल्यापासूनच असा. मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो."

मला वाटलं, आता हा बोलेल. मी बोलू का, असंही वाटलं. सर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ती दुपार, तो चहाचा कप, ते वाक्य, त्यातलं काहीच त्यांच्याकडे उरलेलं नव्हतं. जे वाक्य आमच्या घरात रोज चहाबरोबर होतं, ते ज्यांचं होतं त्यांनी ते त्याच दुपारी विसरून टाकलं होतं. माझ्या नवऱ्याने जबडा सैल केला, तारा सोडल्या, पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हो सर."

आम्ही जिन्याने खाली उतरलो. प्रयोगशाळेच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्याच कोणीतरी तपासलेली आहे, म्हणून तो तिच्यात पाय ठेवत नाही. मधल्या वळणावर तो कठड्याला टेकून उभा राहिला. "त्यांना आठवतसुद्धा नाही गं," तो म्हणाला आणि हसायला लागला. आधी थोडा, मग इतका की पायरीवर बसला, आणि मग ते हसू राहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हलवला नाही. वरून कोणीतरी दोघं-तिघं उतरत आली, आम्ही वाट करून दिली, ती गेली. मग त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि हातातलं घड्याळ पाहिलं.

"नवीन पट्ट्या घासाव्या लागतील ना?" त्याने विचारलं.

"सगळ्या."

"रविवारी मला सुट्टी असते," तो म्हणाला, उठला आणि कुठलीशी लिफ्ट बघायला निघून गेला.